मुलांना विचारूच नका म्हणे!

"मुलांसमोर आत्महत्येचा विषय काढू नका, नसलेला विचार डोक्यात शिरतो. समुपदेशकाकडे नेलंत की दाखल्यावर शेरा पडतो. व्हॅनकाकांबद्दल काही 'तसली' तक्रार असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून मिटवा, पोलिसांत गेलात तर मुलाचीच फरफट. आणि मोबाईल काढून घ्या, निम्मे आजार पळतील." कोथरूडपासून हडपसरपर्यंत पालकांच्या ग्रुपवर फिरलेला हा मेसेज आता माझ्या बहिणीपर्यंत पोचलाय. तिचा मुलगा दहावीला आहे आणि तिने त्याला काही विचारायचंच सोडलंय. म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. विचारल्याने विचार शिरतो का, हे तपासून झालंय. न्यूयॉर्क राज्यातल्या 6 शाळांमधल्या 2,342 मुलांवरचा प्रयोग 2005 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्या मुलांत ना अस्वस्थता जास्त, ना मरणाचे विचार. उलट ज्यांना आधीपासून नैराश्य होतं, त्यांच्यात विचारलेल्यांचा त्रास कमी दिसला.

गोची होते ती शब्दांत. "तू असलं काही वेड्यासारखं करणार नाहीस ना?" याला मूल "नाही" एवढंच म्हणणार, उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेलं असतं. त्याऐवजी, आसपास कुणी नसताना, सरळ विचारा: "खूप त्रास झाला की काहींना जगूच नये असं वाटतं. तुला वाटतं का?" आणि गप्प बसा. "हो" आलं तर शपथा घालायच्या नाहीत, रडारड नाही, लगेच मावशीला फोन नाही. कधीपासून वाटतंय, रोज वाटतं का, काही करायचं ठरवलंय का, हे शांतपणे विचारा. ठरवलं असेल तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, नाहीतर मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. डायनिंग टेबलावरचा आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा डबा कुलपात, किल्ली आपल्या खिशात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येणार नाही.

दाखल्याचं तर हसूच येतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण असे रकाने असतात. उपचारांचा रकाना कुठे आहे, दाखवा! समुपदेशक गोळ्या लिहून देत नाही आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयातही धाडत नाही. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. आता, काही शाळांत समुपदेशकाला सांगितलेलं मधल्या सुट्टीपर्यंत स्टाफरूममध्ये पोचतं, हे नाइलाजाने मान्य. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, नोंदी कुणाकडे राहतात आणि वर्गशिक्षकांना काय सांगितलं जातं.

मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, इथवर ठीक. पण तो शिक्षा म्हणून काढून घेणाऱ्या घरात, फोटोंवरून कुणी धमकावत असेल तरी मूल तोंड उघडणार नाही.

आणि म्हणे "मिटवा"! पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा कायदा. लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कुणीही ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, हे त्याचं कलम 19. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. म्हणजे हा मेसेज मुख्याध्यापकांना गुन्हा करायला सांगतोय. खटले रेंगाळतात, हे खरंच. पण मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. "आमची हद्द नाही" हे कारण चालत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो.

पोलिसांकडे निघण्याआधी मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लिहा आणि पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. दर वेळी त्याचे शब्द थोडे बदलतात, आणि उलटतपासणीत वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.