चेंबर स्ट्रिंग्ज लायब्ररी: डेमोच्या पलीकडे

चेंबर स्ट्रिंग्जची, म्हणजे तंतुवाद्यांच्या छोट्या संचाची, सॅम्पल लायब्ररी (कीबोर्डवरून वाजवता येणारा, खऱ्या वादकांच्या मुद्रित स्वरांचा संग्रह) घ्यायची असली की बहुतेक जण आधी डेमो ऐकतात आणि तिथेच त्यांचा निर्णय होऊन जातो. डेमो छान वाटणारच, कारण तो रचणाऱ्याला लायब्ररीच्या दुखऱ्या जागा ठाऊक असतात आणि तो त्यांच्या वाटेला जात नाही. मी नवी लायब्ररी उघडते तेव्हा पहिला अर्धा तास काहीच रचत नाही. पहिल्या व्हायोलिनचा एकच स्वर दाबून धरते आणि मॉड्युलेशन व्हील, म्हणजे कीबोर्डच्या बाजूचे चाक, शून्यापासून १२७ पर्यंत अगदी सावकाश वर नेऊन तितक्याच सावकाश खाली आणते.

व्हील फिरवल्याने वादकांचा जोर वाढत नसतो. हळू, मध्यम आणि जोरकस वाजवलेली वेगवेगळी ध्वनिमुद्रणे एकमेकांत मिसळली जातात, आणि ज्या पट्ट्यात दोन मुद्रणे एकाच वेळी ऐकू येतात तिथे छोट्या संचातल्या चार व्हायोलिनवादकांचे आठ होतात. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिनेच सोळाच्या आसपास असल्याने ही दुप्पट गर्दीत खपून जाते. चौघांत मात्र ती लपत नाही, दोन मुद्रणांतले व्हिब्रॅटोचे, म्हणजे स्वराच्या कंपनाचे, हेलकावे जुळत नाहीत आणि आवाज क्षणभर पाण्याखाली गेल्यासारखा होतो. माझ्याकडच्या लायब्ररीत हे साधारण ५५ ते ७० या टप्प्यात घडते, आणि संयत, हळवी ओळ नेमकी तिथेच वाजवावीशी वाटते. मी त्यावर काढलेला तोडगा असा की त्या पट्ट्यात रेंगाळायचे नाही, व्हील झटकन पलीकडे न्यायचे आणि उरलेला चढउतार एक्स्प्रेशनवर, म्हणजे सीसी ११ या पातळीच्या नियंत्रकावर, सांभाळायचा. एक्स्प्रेशनने फक्त पातळी बदलते, नादाचा पोत बदलत नाही. म्हणून हा तोडगाच आहे, इलाज नव्हे.

एवढा त्रास सोसून छोटा संच का घ्यावा, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. सोळा व्हायोलिनांच्या पॅचवर (लायब्ररीतल्या तयार आवाजावर) तीन स्वरांची संगती दाबली की एकदम अठ्ठेचाळीस व्हायोलिन वाजू लागतात, आणि मग मांडणी कितीही विचारपूर्वक केली तरी ऐकणाऱ्याला गोधडी पांघरल्यासारखे जड वाटते. चौघांच्या पॅचवर तीच संगती बारा वादकांची होते, म्हणजे प्रत्यक्षातल्या एका तुकडीने स्वर आपसांत वाटून घ्यावेत तितपत. स्पिटफायर चेंबर स्ट्रिंग्ज या प्रसिद्ध लायब्ररीत (मी वर सांगितलेली ती नव्हे) पहिली व्हायोलिने ४ आणि दुसरी व्हायोलिने, व्हायोला, चेलो व डबल बेस प्रत्येकी ३ असे एकूण १६ वादक आहेत, आणि हा आकार निवडण्यामागचे शहाणपण दाट मांडणी लिहिल्यावरच पटते.

तिचे ध्वनिमुद्रण लंडनच्या एअर स्टुडिओजमधल्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये, म्हणजे एकेकाळच्या चर्चमध्ये, झालेले आहे. अशा दालनाची आस प्रत्येक स्वराला चिकटूनच येते. जवळचे माइक वाढवून ती कमी करता येते, पुसता मात्र येत नाही. हा दोष नाही, निवड आहे. पण बाकीची वाद्ये कोरड्या स्टुडिओत मुद्रित झालेली असतील तर त्यांना त्याच खोलीत आणून बसवण्यात कित्येक संध्याकाळी जातात, एवढे आधीच लक्षात घ्यावे.

लेगॅटोबाबत, म्हणजे स्वर एकमेकांना जोडून वाजवण्याबाबत, मी अधिक कडक आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणे खरोखर मुद्रित केलेले असेल तर त्याला वेळ लागणारच, आणि ते संक्रमण २०० मिलिसेकंदांचे असेल तर मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत, जिथे सोळांश (पाव ठोक्याचा) स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो, ओळ मागे पडल्यावाचून राहत नाही. संथ रचनेत ट्रॅक डिले उणे करून, म्हणजे सगळी ओळच थोडी आधी वाजवायला लावून, हे सावरता येते, कारण सगळे स्वर सारखेच उशिरा येतात. जलद आणि संथ संक्रमणांचा उशीर वेगवेगळा असेल तर मात्र स्वर एकेक करून हाताने सरकवावे लागतात. जलद तानांसाठी मी माझी लायब्ररी वापरणे सोडूनच दिले आहे.

पिझिकाटो (बोटांनी छेडलेले स्वर), ट्रेमोलो (गजाने थरथरवलेले स्वर) वगैरे बहुतेक ठिकाणी ठीकच असतात. स्पिकाटो, म्हणजे गज उसळवून वाजवलेले तुटक स्वर, मात्र एकच स्वर बारा वेळा वाजवून तपासावा. माझ्या चेलोंत चार राउंड रॉबिन, म्हणजे एकाच स्वराची आळीपाळीने वाजणारी मुद्रणे, आहेत आणि त्यांपैकी एकात गज तारेला लागताना बारीकशी टक् ऐकू येते. एकदा ती कानात बसल्यावर दर चौथ्या आघाताला घड्याळासारखी येतच राहते.

असे परवाने बहुधा परत करता येत नाहीत आणि विकताही येत नाहीत. म्हणून ज्याच्याकडे आपल्याला हवी ती लायब्ररी आहे त्याच्या संगणकापाशी शक्य असल्यास अर्धा तास बसावे, रिव्हर्ब (वरून जोडलेला घुमारा) बंद करायला सांगावे, आणि व्हील आपल्या हातात घ्यावे.