१,८०० रुपयांसाठी अख्खं खातं गोठवलंय!

शाळा उघडायच्या तोंडावर माझ्या दुकानाचं करंट अकाउंट गोठवून ठेवलंय. परळला वह्या-पुस्तकं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाने वह्या आणि दप्तर घेतलं, क्यूआर स्कॅन करून १,८०० रुपये दिले आणि गेला. ते पैसे म्हणे परराज्यातल्या कुठल्या तरी ऑनलाइन फसवणुकीतले, तीन-चार खाती फिरून माझ्याकडे आलेले. मी माल दिला, बिल फाडलं. समोरच्याच्या खात्यात पैसे कुठून आले हे गल्ल्यावर बसून मी कसं ओळखायचं?

बरं, वादातले १,८०० अडकवा ना! फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण इथे सीझनच्या मालासाठी जमवलेली सगळी रक्कम अडकवली. आणि संतापाची गोष्ट म्हणजे पैसे आत येणं चालूच आहे! काउंटरवरचा स्पीकर दिवसभर ‘रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडतोय आणि त्यातला एक रुपया मला काढता येत नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या होलसेलवाल्याचा चेक परत गेला, वर बँकेने चेक परत गेल्याचा दंड लावला. खातं तुम्हीच बंद ठेवायचं आणि दंडही तुम्हीच लावायचा? वर्षानुवर्षं उधारीवर माल देणारा माणूस आता रोख मागतोय. त्याचं तरी काय चुकलं? दुकानातल्या पोराचा पगार मेव्हण्याकडून उसने घेऊन दिला.

बँकेत गेलं की एकच पालुपद: “वरून आलंय, पोलिसांची एनओसी आणा.” लेखी काही द्या म्हटलं तर साहेब जेवायला गेलेत. त्या परराज्यातल्या सायबर ठाण्याचा फोन कोणी उचलत नाही, उचलला तर “कागदपत्रं घेऊन इथे या.” ऐन सीझनमध्ये शटर पाडून जाऊ?

बँक खातं ही ‘मालमत्ता’ आहे आणि पोलिस ते अडकवू शकतात, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच म्हटलंय, तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. मान्य. पण फौजदारी कारवाई कशी करायची हे ठरवणाऱ्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १०६ असंही म्हणतं की जप्ती केली की दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवा. कळवलंय का? कोणत्या कोर्टाला? कोणीच सांगत नाही. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता म्हणून टाच आणायची तर कलम १०७ आहे, त्यात पोलिसांनी कोर्टाकडे जायचं असतं, १४ दिवसांच्या नोटिशीची तरतूद असते. मला नोटीस सोडा, साधा एसएमएससुद्धा आला नाही. होलसेलवाल्याचा चेक परत गेला तेव्हा कळलं! केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच यूपीआय प्रकरणांत सांगितलं होतं की संशयित रकमेपुरतंच गोठवा. मग हे इथे का होत नाही?

मोठ्या कंपनीची दहा खाती असतात, पगारी वकील असतो. आमच्यासारख्यांचं एकच खातं, आणि वकिलाची फी द्यायची तर तीही त्याच खात्यातून. १,८०० बाजूला ठेवा, बाकीचं आजच्या आज मोकळं करा, आणि कोणत्या आदेशाने अडकवलंत त्याची प्रत माझ्या हातात द्या.