बार्शी लाईट कुणाची?

"इंग्रजांनी कापूस लुटायला टाकलेली रेल्वे. तिच्या खुणा आपण कशाला जपायच्या?" शाळेच्या ग्रुपवर हे वाक्य पडलं आणि त्याखाली भराभर अंगठे उमटले. ६ ऑगस्ट २०२३ ला देशातल्या ५०८ स्थानकांच्या नूतनीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हापासून आमच्या बार्शीकरांत हा वाद अधूनमधून पेटतो. बार्शी लाईट रेल्वेच्या नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, काळातलं जे उरलंय ते ठेवायचं की साफ करायचं? मी ठेवण्याच्या बाजूनं चार ओळी लिहिल्या. लगेच उत्तर आलं, "तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नको."

तिकडं म्हणजे इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरला, आणि नेमकं इथंच राहत असल्यानं मला गप्प बसवत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याचं गणित. बार्शीत ते जमलं, म्हणून १९०४ मध्ये त्यानं तेच इथल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात वापरलं. लीक अँड मॅनिफोल्ड या इथल्या रेल्वेच्या इंजिनांना दिवेसुद्धा हिंदुस्थानातल्या गाड्यांसारखे भलेमोठे होते. आधी बार्शी, मग स्टॅफर्डशायर. लुटीचा इतिहास सांगणाऱ्यांना हा इतिहास का ठाऊक नसतो?

इथली गाडी जेमतेम ३० वर्षं चालली, १९३४ ला बंद पडली. रूळ काढले आणि १९३७ मध्ये काउंटी कौन्सिलनं त्या मार्गावर पायवाट केली. आज बँक हॉलिडेला त्या वाटेवरच्या वेटन मिलपाशी गाडी लावायला जागा मिळत नाही. हल्म एंड या तिथल्या जुन्या स्थानकाचं लाकडी तिकीटघर दुरुस्त करून तिथं माहिती केंद्र केलंय, आत त्या स्थानकाची छोटी प्रतिकृती आहे. एवढ्याशा गाडीसाठी एवढी आस्था! आपल्या बार्शी लाईटनं तर शंभरी ओलांडली.

"तिथली गाडी मेली म्हणून इमारत जपली, आम्हाला चालती गाडी हवी," असं एक वर्गमित्र म्हणाला. त्याचं बरोबर आहे. ब्रॉडगेज हवंच होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती त्यामुळेच. पण रूळ रुंद केले म्हणून आठवण पुसायलाच हवी, असं कुठं आहे?

आणि लुटीचं म्हणाल, तर कापूस गेला हे मी नाकारत नाही. पण १९०६ पासून हीच लाईन पंढरपूरला जात होती. आषाढीला टपावर बसून निघालेले वारकरी कुणाचे? माझे आजोबा या लाईनवर चावीवाले होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज ठरलेला टप्पा पायी जायचे, रूळ जागेवर घट्ट धरणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकून पुढं. १९५४ पर्यंत मालकी कंपनीची होती, पण रुळाला रूळ धरून ठेवला तो अशा माणसांनी. त्यांना इंग्रजांच्या खात्यात टाकलेलं मला सहन होत नाही.

हल्म एंडच्या काउंटरवरच्या बाईंना मी दर वेळी सांगते, ही गाडी आधी आमच्या गावात धावली. त्या मनापासून ऐकतात. आणि जिथली म्हणून मी इथं मिरवते, तिथले म्हणतात तू आता इथली नाहीस. बार्शीतला वाडा विकला, सातबाऱ्यावर नाव उरलं नाही. आजोबांचं तिथं काही दाखवायचं झालं तर ती लाईनच आहे. हा माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही.

म्हणून ग्रुपवर आता एवढंच मागितलंय: नवं स्थानक हवं तसं बांधा, फक्त त्यात एक भिंत द्या. तिच्यावर कॅलथ्रॉपचं नाव नसलं तरी चालेल. चावीवाले, गँगमन, फायरमन, पॉइंट्समन यांची नावं हवीत. जुन्या नोंदींत ती सापडण्यासारखी असतील, तर शोधायला मी रजा काढून येते.