खुलासा : स्वतःला माया लावली तर लेकरू आळशी होतं?

लातूरला शिकवणीसाठी लेकरं पाठवलेल्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय : ‘नव्या जागी स्वतःची कीव केली की माणूस संपला. स्वतःला शिव्या घाला, तरच पुढं जाल.’ खाली ‘मानसशास्त्रानं सिद्ध’ असा शिक्का. तो शिक्का खोटा आहे.

कीव वेगळी, आत्मकरुणा वेगळी. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिची मांडणी केली : स्वतःशी मायेनं वागणं, असं इतरांचंही होतं हे ओळखणं आणि दुःख न दाबता, न फुगवता पाहणं. ‘माझ्याच नशिबी का?’ हे कीव करणाऱ्याचं रडगाणं इथं गळूनच पडतं.

राहिला आळस. २०१२ मध्ये ज्युलियाना ब्रेइन्स आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत उलटंच दिसलं. अवघड चाचणीत आपटल्यावर ज्यांना स्वतःशी करुणेनं वागायला सुचवलं, ते विद्यार्थी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसले.

परभणीकडच्या गावात कायम पहिलं आलेलं लेकरू लातूरला पहिल्याच चाचणीत मागं पडतं आणि फोनवर ‘मी ढ आहे’ म्हणतं. त्याला एवढंच विचारा, ‘खोलीतल्या दोस्ताला असं म्हणशील का, बाळा?’ (पेरणी हुकल्यावर आपण मोठी माणसंही स्वतःला काय कमी बोलतो!)

मात्र झोप-जेवण तुटलं असेल तर नुसत्या गोड बोलण्यावर थांबू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.