सेकंडहँड पिकअप घेताय? ब्रेकचं नंतर बघू

गाडी बघायला भर दुपारी जा. पॉलिश मारलेलं बॉनेट तेव्हाच खुलतं. आधी मागच्या फळीवरचा 'आई-वडिलांचा आशीर्वाद' वाचा, मग स्पीकर वाजवून बघा. बेस घुमला की अर्धा सौदा झाला. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल. मालक एवढा राबलाय, त्याचा मान राखा.

दुसरा गिअर टाकताना 'खर्रर्र' झालं तर मालक म्हणेल, "दादा, हात बसला की पडतो." पटवून घ्या. गिअर अलगद जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या रिंगा झिजल्या असतील, असली शंका काढणारी माणसं लग्नाच्या पंगतीतही मिठाला नावं ठेवतात. उतारावर तिसरा आपोआप न्यूट्रलला उडत असेल, तर एका हाताने दांडा दाबून धरा. दुसरा हात मोबाइलला मोकळा राहतोच.

काही खवचट लोक हँडब्रेक ओढून, चौथा टाकून, क्लच सोडतात. इंजिन फटकन बंद पडलं तर क्लचची प्लेट धड, चालूच राहिलं तर ती घसरतेय. तुमचं इंजिन चालूच राहिलं तर पाठ थोपटा: काय ताकद आहे, बंदच पडत नाही!

ब्रेकचं पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं? पायाला किती मऊ! ब्रेकचं ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं रबर वगैरे मेकॅनिकला बोलू द्या, त्याचं पोट आहे. ब्रेकच्या डबीतलं ऑइल कोऱ्या चहासारखं दिसलं तर मुरलंय म्हणा. हे ऑइल हवेतली ओल पितं. डॉट-३ प्रकारचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 140 वर येते. मग पाइपात वाफ होते, पाय वाफेलाच दाबत बसतो आणि चाकाला काही कळत नाही. पण तुम्हाला काय त्याचं? तुम्ही फक्त ओतूरहून टोमॅटो भरून, माळशेज उतरून कल्याणला जाणार.

बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. माल किती भरलाय त्यावर तो मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. तो तारेने बांधलेला दिसला तर खाली वाकून बघितल्याबद्दल स्वतःलाच दोष द्या. त्यापेक्षा पाट्याच्या स्प्रिंगला जादा घातलेली दोन पानं मोजा. मालक तीच अभिमानाने दाखवतोय.

ट्रायल रिकाम्या गाडीची, तीही गावातल्या सपाट रस्त्यावर. दीड टन लादून घाटात नेऊ का, असं विचारलंत तर मालकाला वाईट वाटेल. पासिंग आहे ना? झालं तर मग.

आता पूजा. चारही चाकांखाली लिंबं ठेवा, हार घाला, पेढे वाटा. गाडी लिंबं चिरडून पुढे येईल. समोर नारळ फोडणाऱ्याला तेवढं बाजूला व्हायला सांगा.