थोरला, धाकटा आणि डेबियन

संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवताना डिस्कच्या वाटणीची पायरी येते, त्या वेळी घरात निवृत्त भूकरमापक असू नये. आमच्याकडे आहेत. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"क्षेत्र किती?"

"दोन डिस्क, एकेक टीबीच्या."

"काल विंडोजमध्ये ९३१ जीबीच दाखवत होतं."

कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, जागा तेवढीच असते, हे मी दोनदा समजावलं. "पोटखराबा," बाबा म्हणाले आणि विषय मिटवला.

मला हवं होतं रेड-वन. एका डिस्कवर जे लिहिलं जाईल तेच तत्क्षणी दुसरीवर; एक मेली तरी दुसरी चालू.

"म्हणजे दोन एकर घेऊन एकच पिकवायचं?"

मी गप्प. त्यातून हे बॅकअपही नाही. थोरल्यावरची, म्हणजे पहिल्या डिस्कवरची, फाइल चुकून पुसली की धाकट्यावरचीही त्याच क्षणी जाते. म्हणून आईचे फोटो तिसऱ्या डिस्कवर काढून, मोज्यात घालून कपाटात ठेवले होते.

इन्स्टॉलर आधी दोन्ही डिस्कवर पार्टिशन पाडून ती रेडसाठी राखून ठेवायला लावतो. मग त्या जोडीतून 'एमडी-झीरो' नावाची नवीच डिस्क उगवते आणि फाइल सिस्टिम तिच्यावर घालायची. "मोजणी दोनदा!" बाबांना पहिल्यांदाच या धंद्यात राम दिसला. चार जीबी स्वॅप ठेवला, त्याला ते गायरान म्हणाले. खरं तर चपखल आहे. रॅम भरली की सगळी गुरं तिकडेच.

शेवटी प्रश्न आला : बदल डिस्कवर लिहायचे का? कर्सर आपणहून 'नाही'वर उभा. बनवणाऱ्याला आमच्यासारखी माणसं ठाऊक असणार. कपाटातला मोजा जागेवर आहे का, हे पुन्हा पाहून आलो आणि 'हो' दाबलं.

पुढचे पावणेतीन तास दोन डिस्क एकमेकींशी जुळत होत्या आणि मी टक्के बघत बसलो होतो. उतू जाणार नाही हे माहीत असलेल्या दुधापाशी कोणी बसतं का? मी बसलो.

रात्री पाऊण वाजता परीक्षा. मशीन बंद केलं, थोरल्याची, म्हणजे मशीन जिला एसडीए म्हणतं तिची, केबल काढली, बटण दाबलं. काळा पडदा. बूट करायला काही सापडत नाही म्हणे. सगळा डेटा धाकट्याकडे सुखरूप होता. ग्रब, म्हणजे मशीन सुरू करून देणारा गडी, मी फक्त थोरल्याच्या दारात उभा केला होता.

"हद्दीचे दगड एकाच बाजूला रोवलेस," झोपलेले वाटणारे बाबा म्हणाले.

केबल परत लावली, धाकट्यावर, म्हणजे एसडीबीवरही ग्रब घातला, थोरल्याला पुन्हा उपटलं. या वेळी लॉगिन आलं. डिस्कची यादी काढली, तर एसडीबी गायब! काळजात धस्स. मग कळलं, एकटी उरलेली दुसरी डिस्कच आता स्वतःला एसडीए म्हणवत होती.

बाबांनी चष्मा लावून पडदा वाचला.

"झाली की वारसनोंद," म्हणाले, आणि झोपायला गेले.