‘आशियाची नाटो’ म्हणे!

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आमच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय. ‘शांघाय सहकार्य संघटना म्हणजे आशियाची नाटो. एका सदस्यावर हल्ला झाला की सगळे धावून येणार. तिथं चीन म्हणेल ती पूर्व दिशा. अमेरिका असले खेळ खेळत नाही.’

धावून येण्याचं आधी बघू. नाटो ही अमेरिका-युरोपची लष्करी युती; एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, असं तिचं पाचवं कलम. चीन, रशिया आणि मध्य आशियातले देश असलेल्या या शांघाय संघटनेच्या सनदेत तसं कलमच नाही. भारत आणि पाकिस्तान दोघंही 2017 पासून सदस्य. मे 2025 मध्ये दोघांत क्षेपणास्त्रं चालली, तेव्हा कोण कुणासाठी धावलं ओ?

तसं कलम आहे ते रशियाच्या पुढाकारातल्या सामूहिक सुरक्षा करार संघटनेत, चौथं. कझाकस्तान आणि आर्मेनिया तिचे सदस्य. जानेवारी 2022 मध्ये कझाकस्तानात गॅसच्या दरवाढीवरून दंगे उसळले, तर दोनेक हजार सैनिक लगेच विमानानं उतरले. त्याच सप्टेंबरात अझरबैजाननं आर्मेनियाच्या हद्दीत हल्ले केले. आर्मेनियानं हेच कलम पुढं केलं, आणि आलं काय, तर पाहणी पथक! 2024 मध्ये आर्मेनियानं सहभागच गोठवला. जॉबवर्कवर टॉवेल काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. माग आपला, शेड आपलं, लाइटबिल आपलं. पण सूत व्यापाऱ्याचं. मागावरचा सुताचा बीम संपला की खटखट बंद, पुढचा कधी येणार ते तोच ठरवणार. मॉस्कोचं वजन कलमात नाही, ते कधी लागू करायचं या निर्णयात आहे.

चीनची पूर्व दिशा? शांघाय संघटनेत निर्णय सर्वसंमतीनं होतात. जून 2025 मध्ये चीनमधल्या चिंगदाओत संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत संयुक्त निवेदनात पहलगामच्या हल्ल्याचा उल्लेख नव्हता; राजनाथ सिंहांनी सही केली नाही आणि निवेदन निघालंच नाही. चीनचं वजन खोटं नाही, सचिवालयसुद्धा बीजिंगमध्येच आहे. पण मध्य आशियात ते कर्ज, रस्ते आणि पाइपलाइनमधून येतं, मतदानातून नाही.

राहिली सोवळ्यातली अमेरिका. ऑक्टोबर 1983 मध्ये तिनं ग्रेनाडात फौज उतरवली. हे बेट केवढं, तर आजच्या सोलापूर शहराच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या वस्तीचं. कारण दिलं, पूर्व कॅरिबियन राष्ट्रांच्या संघटनेनं विनंती केली म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला निषेधाचा ठराव अमेरिकेनं व्हेटो वापरून पाडला, तेव्हा आमसभेनं तो 108 विरुद्ध 9 मतांनी केला. फौज तोवर बेटावर बसलेली होती.